महागरुडाचा राजीनामा

"तुमचा कुणाचाच विश्वास बसणार नाही," मी म्हटलं, "पण वर गेलेला महागरुड खाली आलाच नाही. सांगलीच्या नाट्यगृहात, आठशे पोरांच्या देखत, हवेत लटकून राजीनामा देणारा नट अख्ख्या मराठी रंगभूमीवर एकच झाला. आणि त्याचा दोर या हातात होता."

मी हात पुढे केला. मोघ्यांनी तो काटकुळा हात नीट निरखला आणि त्यात चहाचा कप ठेवला.

उल्हास बोंद्रेची शोकसभा नुकतीच आटोपली होती. दहा वक्ते बोलले. त्यांतल्या सात जणांनी उल्हासचं एकही नाटक पाहिलं नव्हतं आणि उरलेल्या तिघांनी त्याला एकाही नाटकात घेतलं नव्हतं. पण कंठ सगळ्यांचाच दाटला होता. माईकही जरा खराब होता म्हणा. 'आयुष्यात एकही प्रयोग न पाडलेला नट' हे वाक्य दहाही जणांच्या भाषणात आलं, कारण मोघ्यांनी निमंत्रणपत्रिकेवर तेच छापलं होतं.

मोघे हे नाट्यमंडळाचे सेक्रेटरी. माणूस गेला की स्मरणिका काढायची, हा त्यांचा छंद. सभा संपल्यावर व्हरांड्यातल्या बाकावर त्यांनी मला गाठलं आणि वही उघडली. बाकाच्या दुसऱ्या टोकाला ऋजुता बसली होती, उल्हासची मुलगी. चाळिशी ओलांडलेली, नाशकात बँकेत मॅनेजर. बापासारखीच गप्प.

"लोटलीकर, खरं तेवढंच सांगा," मोघे म्हणाले. "छापायचंय."

"छापायचंय तर मग खरं कशाला?"

"काका, सांगा तुम्ही," ऋजुता म्हणाली. "बाबांनी कधीच काही सांगितलं नाही."

मग मी सांगायला बसलो.

इंदुताई शेवड्यांची बालनाट्याची कंपनी होती. ताई स्वतः नाटक लिहायच्या, बसवायच्या, तिकिटं विकायच्या आणि प्रयोगानंतर 'मुलांनो, आवडलं ना?' असंही त्याच विचारायच्या. नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती. त्यांच्या 'महागरुड' नाटकानं मे महिन्याच्या सुट्टीत चार वर्षं धुमाकूळ घातला. काळनाग नावाचा राक्षस गावातली पोरं पळवतो. पोरं आकाशाकडे बघून ओरडतात, 'महागरुडा, धाव!' मग वरून पिवळ्या पंखांचा, कागदाच्या लगद्याची चोच लावलेला महागरुड सरसर उतरतो आणि काळनागाला लोळवतो. साहित्यमूल्य एवढंच. पण पोरं वेडी व्हायची.

काळनाग म्हणजे श्रीधर मुळे. सव्वा सहा फुटी धूड, मनानं मात्र लोणी. महागरुड उल्हास. आणि मी कपडेपट सांभाळून दोर ओढायचो. म्हणजे महागरुडाची दैवी शक्ती मी होतो. जाहिरातीत माझं नाव कधी आलं नाही. देवाचंही येत नाही.

"उडवायचे कसे?" मोघ्यांनी विचारलं.

"साधं आहे. वर कप्पी. दोराचं एक टोक उल्हासच्या कमरपट्ट्याला, दुसऱ्या टोकाला वाळूचं पोतं. उल्हास पंचाहत्तर किलो, पोतं सत्तर. तो मचाणावरून पाऊल बाहेर टाकायचा, पोतं हळूच वर जायचं आणि गरुड हळूच खाली यायचा. मी विंगेतून फक्त दोराला हात लावून असायचो."

"म्हणजे ओढत नव्हता?"

"मोघे, तुम्ही सेक्रेटरी आहात. नुसता हात लावून असण्याचं महत्त्व तुम्हाला मी काय सांगायचं?"

ऋजुता पहिल्यांदा हसली.

तर असा हा उल्हास. तरुणपणी राज्य नाट्यस्पर्धेत रौप्यपदक मिळवलेला, आवाज असा की शेवटच्या रांगेतल्या माणसाच्या छातीत घुमावा. आणि नशीब बघा. महागरुडाचे सगळे संवाद ताईंनी टेपवर घेऊन ठेवले होते, कारण देवमाणसाच्या आवाजाला प्रतिध्वनी हवा. उल्हासनं फक्त पंख हलवायचे. तोंड चोचीत, आवाज टेपमध्ये. पोरं रस्त्यात महागरुडाच्या नावानं आरोळ्या ठोकायची आणि उल्हास शेजारून भाजीची पिशवी घेऊन जायचा. चार वर्षांत त्याची पाठ गेली, झोप गेली. मग रोज थोडी घ्यायला लागला, मग थोडी जास्त. दिवाळीत बायको गेली, लेकीला घेऊन, मिरजेला माहेरी.

"आई म्हणायची, घरी यायचा तो नुसता पोशाख," ऋजुता म्हणाली.

"वसुधावहिनी बरोबरच म्हणायच्या. त्या जानेवारीपासून उल्हास इंदुताईंच्या मागे लागला होता, मला मोकळं करा. ताई म्हणायच्या, मे संपू दे. मे संपला की म्हणायच्या, दिवाळीचे प्रयोग लागलेत. गरुडाचं आयुष्य फार मोठं असतं म्हणतात, ते उगीच नाही."

आणि मग तो सांगलीचा दिवस उजाडला. प्रयोग चारचा. मोघ्यांनी वहीत लिहून घेतलं, प्रयोग चारचा. सव्वादोनच्या सुमाराला नाट्यगृहाच्या ऑफिसात फोन आला. वसुधावहिनींचा भाऊ बोलत होता. ऋजुच्या पोटात रात्रीपासून कळा येत होत्या. अपेंडिक्स, फुटायच्या बेतात. डॉक्टर चार वाजता ऑपरेशनला घेणार. पोर एकच धोशा लावून बसली होती, बाबा आल्याशिवाय मी आत जाणार नाही. आणि वहिनींचा निरोप होता, आज आला नाहीत तर पुन्हा कधी येऊ नका.

सांगलीहून मिरज दोन-अडीच कोसांवर. उल्हास फोन ठेवून सरळ मेकअपच्या खोलीत आला. तिथे इंदुताई काळनागाच्या शेपटीला टाका घालत होत्या.

"ताई, मी निघतो. मुलीचं ऑपरेशन आहे."

ताईंनी सगळं ऐकून घेतलं. सुई थांबली नाही.

"ऑपरेशन कोण करणार?"

"डॉक्टर."

"मग तू तिथे जाऊन काय करणार? पंख हलवणार?"

"ताई, ती सहा वर्षांची आहे."

"बाहेर बसतील ती पण सहा वर्षांचीच आहेत. तुझी एक, माझी आठशे." ताईंनी दातांनी दोरा तोडला. "हे बघ उल्हास, मी दगड नाही. सहाला पडदा पडला की माझी गाडी घेऊन जा. पण चारचा प्रयोग पाडलास, तर पुण्या-मुंबईत तुला कुणी भालदाराचंही काम देणार नाही. ते मी जातीनं बघेन."

आणि त्यांनी ते बघितलं असतं. आमच्या धंद्यात नट दारू प्यायला तर चालतो, संवाद विसरला तर चालतो, सहनटीबरोबर पळून गेला तर जाहिरातच होते. पण ऐनवेळी गैरहजर राहून प्रयोग पाडला की संपला. बाप जाळून तिसऱ्या घंटेला हजर झालेल्यांच्या गोष्टी आमच्यात अशा सांगतात, जणू त्या बापांची मरतानाची तीच इच्छा होती.

ताई तिकीट-खिडकीकडे गेल्या. उल्हास आरशासमोर बसला. समोर ती चोच. शेजारी श्रीधर अंगाला काळा रंग फासत होता, त्याचा हात थांबला.

"गेलो तर भाकरी गेली," उल्हास म्हणाला. "नाही गेलो तर पोर गेली. दत्तू, काय करू?"

"ऊठ," मी म्हटलं. "अडीच वाजलेत."

तो उठला. मी दार लावून घेतलं.

"मग?" मोघ्यांची पेन्सिल थांबली.

"मग काय? पावणेचारला दार उघडलं आणि महागरुड बाहेर आला. पंख, पट्टा, चोच, सगळं जिथल्या तिथे. नाटकात यापेक्षा वेगळं काय घडतं? दारातून माणूस आत जातो आणि पोशाख बाहेर येतो."

"म्हणजे प्रयोग केलाच त्यांनी! मुलगी ऑपरेशनच्या टेबलावर असताना!" मोघ्यांचे डोळे पाणावले. हे त्यांना छापायला फार सोयीचं होतं.

ऋजुतानं चहाचा कप बाकावर ठेवला.

पहिला अंक नेहमीसारखाच गेला. त्यात महागरुड नसतोच. काळनाग पोरं पळवतो, गावकरी छाती पिटतात, मध्यंतरात वडे खपतात. दुसऱ्या अंकाच्या शेवटी आमचा गरुड शिडीनं मचाणावर चढला. आता मचाण म्हणजे काय, तर चार बांबू आणि दोन फळ्या. वर उभं राहिलं की पायाखाली सगळं डुगडुगतं. चोचीच्या आत खळीचा आणि चार वर्षांच्या घामाचा असा काही वास असतो की माणसानं आपणहून उडी घ्यावी. डोळ्यांची भोकं कपाळावर. त्यामुळे नाकासमोरचं काही दिसत नाही, मान खाली घातली की मात्र पहिल्या तीन रांगा दिसतात, तीळ सांडावेत तशी पोरांची डोकी.

"तुम्ही कधी चढला होतात?" ऋजुतानं विचारलं.

"मी? छे! मला स्टुलावर चढलं तरी भोवळ येते. उल्हासनं सांगितलं, नंतर."

"बरं."

पोरं ओरडली, 'महागरुडा, धाव!' आठशे गळे. टेप सुरू झाली, 'घाबरू नका मुलांनो, मी आलो आहे… आलो आहे… आहे…' गरुडानं रामाचं नाव घेतलं आणि मचाणावरून पाऊल बाहेर टाकलं.

आणि तो वर गेला.

खाली नाही, वर! पोतं धाडकन रंगमंचावर आदळलं, गरुड बाणासारखा सुटला, वरच्या झालरीत घुसला आणि कप्पीला जाऊन टेकला. प्रेक्षकांना दिसत होते फक्त दोन पाय. पिवळे मोजे, त्यातल्या एकाला भोक.

"वर कसा जाईल?" मोघे म्हणाले. "पोतं सत्तर, बोंद्रे पंचाहत्तर. तुम्हीच सांगितलंत."

"काळजी, मोघे! काळजीनं वजन उतरतं."

"किती?"

"वीस-बावीस किलो."

"एका दुपारी?"

"तुम्ही कधी कुणाची काळजी केलीय का? मग तुम्हाला कसं कळणार!"

मोघ्यांनी काहीतरी खोडलं. "आणि तुम्ही? दोर तुमच्या हातात होता ना? खाली ओढायचं!"

"कप्पी अडकली. शिवाय मला त्या क्षणी दोराजवळ… अडचण होती."

"कसली?"

"अहो, गोष्ट माझी नाही, उल्हासची आहे. पुढे ऐका."

तर रंगमंचावर काळनाग एकटा. श्रीधरनं वर पाहिलं, दोन पाय पाहिले, आणि राक्षसी हास्य केलं. पुढचा संवाद गरुडाचा, तो टेपवर. 'घे हा माझा वज्रप्रहार!' टेपनं सांगितलं. प्रहार करायला कुणी नाही. श्रीधर बिचारा प्रामाणिक नट. तो आपला आपणच गालात मारून घेऊन पडला. पोरं हसायला लागली. श्रीधर उठला, पुन्हा पडला. टेप संपून नुसती खरखर ऐकू यायला लागली. विंगेत इंदुताई आल्या होत्या, त्यांचा चेहरा मेकअपशिवाय काळनागासारखा दिसत होता.

मग पुढच्या रांगेतला एक पोरगा उभा राहून ओरडला, "महागरुड, खाली ये ना रे!"

आणि वरून आवाज आला. टेपचा नव्हे, माणसाचा. मुखवट्यातून सगळ्यांचाच आवाज एकसारखा येतो, रांजणातून बोलल्यासारखा. पण चार वर्षांत पहिल्यांदाच महागरुड स्वतःच्या तोंडानं बोलत होता.

"मुलांनो, मला येता येत नाही."

"का?" तोच पोरगा.

"माझी मुलगी आजारी आहे. तिकडे मिरजेला. तिचं आत्ता ऑपरेशन चाललंय. ती म्हणते, बाबा हवा. मी इथे लटकलोय. आता तुम्हीच सांगा, मी कुठे असायला पाहिजे?"

आठशे पोरं एका सुरात म्हणाली, "मिरजेला!"

"मग आजपासून महागरुडानं ही नोकरी सोडली. कबूल?"

"कबूल!"

"आणि काळनागाचं काय?" श्रीधरनं विचारलं. तसा तो हळवाच, पण सवयीनं गर्जना करून विचारलं.

"तुमचं तुम्ही बघा रे पोरांनो," गरुड म्हणाला. "तुम्ही आठशे आहात, तो एक. माझी वाट कसली बघता!"

पुढे काय झालं ते सांगायला श्रीधर आज हवा होता. पायऱ्या चढून, विंगेतून, जिथून वाट मिळेल तिथून पोरं रंगमंचावर आली. काळनागाची शेपटी पहिल्या मिनिटात गेली. दाढी दुसऱ्या मिनिटात. एका पोरीनं त्याच्या दंडाला असा चावा घेतला की तो वण त्यानं पुढे कौतुकानं सगळ्यांना दाखवला. पडदा पडला तेव्हा पालक उभे राहून टाळ्या वाजवत होते. इंदुताई गरुडाला जिवंत सोलायच्या तयारीनं विंगेतून निघाल्या होत्या, पण टाळ्या ऐकल्या आणि वाटेतच त्यांचे हात आपोआप जोडले गेले. पुढे जाऊन म्हणाल्या, "हा आमचा नवा प्रयोग! मुलांनो, आवडला ना?"

दुसऱ्या दिवशी पेपरात परीक्षण आलं. 'बालप्रेक्षकाला दैवी तारणहाराच्या गुलामीतून मुक्त करणारा शेवट.' मी ते सहा वेळा वाचलं. वाळूच्या पोत्याचा उल्लेख कुठेच नव्हता.

"ताईंनी मग सोडलं त्यांना?"

"सोडतील नाही तर काय करतील? आठशे पोरांच्या साक्षीनं राजीनामा मंजूर झालेला. गावोगाव पोरं विचारायला लागली, गरुडाची मुलगी बरी झाली का? ताईंनी पुढच्या प्रयोगांपासून गरुडच काढून टाकला. पोरंच काळनागाला मारतात, एका नटाचा खर्चही वाचला. आणि ताई जाईल तिथे सांगायच्या, उल्हास बोंद्रे म्हणजे असा नट, लेक ऑपरेशनला होती तरी माझा प्रयोग पाडला नाही. त्या एका वाक्यावर उल्हासला मोठ्यांच्या नाटकात काम मिळालं. स्वतःच्या चेहऱ्यानं, स्वतःच्या आवाजानं. दारू सुटली. वहिनी परत आल्या."

"धन्य, धन्य," मोघे लिहीत होते. "आणि त्या दिवशी? प्रयोगानंतर?"

आता शेवट चांगला रंगवायला हवा होता. मी मांडी बदलली.

"श्रीधरनं त्याला खाली घेतलं, चोचीकडे बघून एवढंच म्हणाला, 'पळ आता.' उल्हास तसाच माझ्या स्कूटरवर बसला. पंख दोन्ही बाजूंना, अर्धा रस्ता व्यापलेला. मिरजेच्या अलीकडे रेल्वेचं फाटक बंद होतं. फाटकवाल्यानं गरुड येताना पाहिला, हात जोडले, गाडीला लाल कंदील दाखवला आणि फाटक उघडलं! इंजिनवाल्यानं शिट्टी वाजवून सलामी दिली. साडेसहाला हा दवाखान्यात पोचला. आणि ऋजु, तू भुलीतून डोळे उघडलेस, तर समोर काय? पिवळी चोच! तू म्हणालीस, 'बाबा, उशीर केलात.' आठवतं का? कसं आठवेल म्हणा, एवढीशी होतीस."

मोघ्यांनी नाक पुसलं. वही मिटून ते म्हणाले, "हेच शीर्षक. एकही प्रयोग न पाडलेला नट."

"काका," ऋजुता म्हणाली.

तिचा आवाज बापासारखाच होता. फार वर न जाणारा, पण व्हरांड्याच्या टोकापर्यंत पोचणारा.

"मला चार वाजता आत नेलं. भिंतीवर मोठं घड्याळ होतं, आणि मी नुकतीच घड्याळ वाचायला शिकले होते. बाबा दाराशी थांबले नाहीत, डॉक्टरांशी भांडून आत आले. शर्टाची बटणं खालीवर लागली होती. नाकावर ती भुलीची जाळी ठेवली तेव्हा आम्ही दोघं मिळून शंभरापासून उलटे आकडे मोजत होतो. मी त्र्याण्णवपर्यंत गेले. पुढचं बाबा म्हणाले, ते मला ऐकू आलं नाही, पण हात हातात होता."

मोघ्यांनी वही पुन्हा उघडली, 'प्रयोग चारचा' या ओळीवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

मी चहाचा कप तोंडाला लावला. कप रिकामा होता.

"आज दहा माणसं तेच बोलली आणि मी गप्प बसले, कारण ते बाहेरचे होते," ऋजुता म्हणाली. "पण तुम्ही धडधडीत खोटं बोलताय, काका. माझ्या बाबांनी तो प्रयोग पाडला होता. माझ्यासाठी. मला ते छापून हवंय." ती बाकावरून सरकत माझ्या अगदी जवळ आली. "आता सरळ सांगा. ज्याला स्टुलावर चढलं तरी भोवळ येते, तो माणूस त्या दिवशी तिथे किती वेळ लटकला होता?"